म्होरकी बैलासकट जमा

हॅलो?… हॅलो!… कुठनं?… देवळाली प्रवरा? हां, जोडा बाई, जोडा.

नमस्कार. काष्टीहून मुख्याध्यापक बोलतोय. आपण?… विजयमालेच्या मातोश्री? अस्सं. बरं झालं, आपणच फोन केलात. जरा गंभीर बोलायचं होतं… नाही, नाही, घाबरू नका. फक्त खाली बसून घ्या… मुलगी हुशार आहे हो. पण ज्या मामाकडं ती शिकायला राहते ना, तो अत्यंत…

ओळखलंस व्हय?

अगं शिव्या काय देतीस! ट्रंककॉल हाय, मधी टेलिफोनवाली बाई ऐकतीया… व्हय, मीच. कानिफ. तुझा सख्खा भाऊ.

हेडमास्तर भाईर हायती. मास्तर भाईर, शिपाई भाईर, सगळी पोरं भाईर. हापिसात मी एकटाच. फोन कवाचा बोंबलत हुता, म्हनलं उचलावा.

प्रॅक्टिकल? चालू हाय की. आत्ता तिचाच नंबर चाललाय… न्हाई, मला भाईर यायची बंदी हाय. विजूनंच आत घातलंय मला. खिडकीतनं दिसतंय सगळं.

हो, हो… ठावं हाय गं! वाखकामात पास न्हाई तर मॅट्रिकचा दाखला न्हाई, दाखला न्हाई तर नगरला नर्सिंगला घेत न्हाईत. सहा महिनं आपल्या घरात दुसरं काय ऐकलंच न्हाई मी.

म्होरकी? हाय की! तीच, तिनं घायपाताच्या वाखाची वळलेली. लाल-हिरवं गोंडं, नाकाच्या जागी मऊ लोकर गुंडाळलेली… झकास. परीक्षकाच्या म्होरंच हाय.

टेबलावर?… न्हाई, टेबलावर न्हाई.

बैलावर.

बैलावर! बैलाच्या तोंडावर. म्होरकी आनि कुठं असती, केशर?

न्हाई, बाकीच्या पोरांची शिंकी, पायपुसनी, पिशव्या, सगळं टेबलावरच मांडलंय. आपलीच तेवढी बैलासकट हाय.

चांद्या… व्हय, आपलाच. म्हंजी हुता आपला. शनिवारच्या बाजारात इकला मी.

सांगतो, सांगतो. पन दाजी शेजारी उभं हायती का?… मग जरा बाजूला हो… वायर पुरत न्हाई? बरं, मग त्वांडावर पदर धर आनि ऐक. वरडायचं न्हाई.

चांद्याची शिंगं तुला ठावं हायती. तीन बाजार नेला, तीन बाजार माघारी आनला. गिऱ्हाइकानं हात लावला की हा मुंडी फेकनार. शुक्रवारी विजूनं माप बघाया म्होरकी चढवली, तर बेनं डोळं मिटून उभं! नाकाला काचत न्हाई ना, मऊ लागतंय त्याला… हां. मग शनिवारी ती सकाळच्या शाळेला गेली आनि मी…

अगं ऐक ना. पुरतं तर ऐक!

जामखेडकडचा एक जन आला, पुंजाराम म्हनून. खाली बघितलं, वर बघितलं, दात बघितलं. म्हनला, एवढा गरीब कसा हो बैल? आता मला काय गप बसवतं का? म्हनलं, म्होरकी मढीच्या देवस्थानची हाय. भारलेली. ती तोंडावर हाय तंवर शिंग हालनार न्हाई, उतरवली की माझी जबाबदारी न्हाई.

देवाशप्पत, मस्करी केली! म्हनलं हासंल गडी. त्यो हासलाच न्हाई, केशर. दोन्ही हात जोडलं त्यानं. मला न्हाई, म्होरकीला!

व्हय बाई, इकताना आपली म्होरकी सोडून घ्यायची असती. दावं सुदिक द्यायचं नसतं. आपला बाप मलाबी शिकवून गेलाय की. पन त्यो म्हनला, म्होरकीसकट दिली तर घेतो. मागनं दलाल कोपरानं ढोसतोय… दिली.

म्हनलं, विजूला बाजारातली दुसरी आनून देऊ, मास्तरला काय कळतंय. मला काय ठावं, तिच्या सरांनी आतल्या बाजूनं चिठ्ठी शिवलीया म्हनून! नाव, नंबर, शाळेचा शिक्का!

न्हाई गं, रडली न्हाई. रडली असती तर बरं हुतं. नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं, आई बघायची ना, तसं. जेवलीबी न्हाई. माझीबी भाकर तशीच ऱ्हायली.

मग काय, आइतवारी तांबडं फुटायला सायकल काढली. मांडवगणाच्या अलीकडं गाठलं त्याला. म्हनलं, पाव्हनं, म्होरकी द्या, बदली दोन घ्या. म्हनला, उतरवायची न्हाई, तुमीच सांगितलंय. पाया पडलो. म्हनलं, पोरीची परीक्षा हाय. तर म्हनला, पोरीची परीक्षा हाय तर बैलासकट येतो… भला मानूस गं! आपल्याच गोठ्यात उतरलाय दोन दिस. मला वंगाळ वाटाया लागलंय त्याच्याकडं बघून.

काय? कोन?… तीन मिन्टं झाली? वाढवा बाई, वाढवा! आता कुठं रंगात आलंय… तुमी बी ऐका, आमची ना न्हाई.

हां, केशर, गप. चाललंय काय तरी. परीक्षक म्हंजी कोट-टोपीवाला हाय, बारीक. बैलाभवती तीन चकरा झाल्या त्याच्या, पन हात लांबनंच दावतोय… म्हनतोय, ही विकतची दिसते. एवढी सफाई शाळेतल्या मुलीची नसते.

मला काय दरडावतीस! मी आत हाय. इकल्यापासनं मला बघितलं की बैल उसळतोय, म्हनून तर बंदी.

थांब… तिला म्हनतोय, सोडा आणि माझ्यासमोर पुन्हा वळा… झालं! पुंजाराम आडवा झाला. दोन्ही हात पसरून. "म्होरकी उतरवायची न्हाई!" हेडमास्तर त्याला समजावत्यात… परीक्षक पेनाला टोपन लावतोय. केशर, टोपन लावतोय गं त्यो!…

विजू मधी गेली. पुंजारामला काय तरी म्हनली… उतरवत न्हाई. बैलाच्या तोंडावर हाय तशीच, गालाजवळचा एक पीळ उसकटती… उसकटला. चांद्याची मुंडी तिच्या खांद्यावर… बोटं कशी चालत्यात बघ पोरीची! तुला कुठनं दिसनार, व्हय… परत वळतीया, एक पीळ… दुसरा… अगं मला दम लागलाय हितं… वढून बघितली. पक्की!

परीक्षकानं चष्मा काढला. पुसला. घातला… टोपन काढलं!… लिवतोय… हेडमास्तर वाचून दावत्यात… पन्नासात त्रेचाळीस! केशर, त्रेचाळीस! पास!

रड, रड. आता रडायला हरकत न्हाई. दाजीला सांग… व्हय, पेढं आनतो, दोन…

थांब जरा. थांब. परीक्षक माघारी का वळला?

…परीक्षक कसला तरी कागद दावतोय… आरं तिच्यायला. केशर, वस्तू शाळेत जमा करायची असती म्हनं. निकाल लागंपतूर, जूनपतूर. वस्तू न्हाई तर मार्क पुण्याला जात न्हाईत.

पुंजाराम काय म्हननार? उतरवायची न्हाई! म्हनतोय, जमाच करायची तर बैलासकट करून घ्या, मी जूनला येतो… हेडमास्तर म्हनत्यात, आमच्याकडं कपाट हाय, गोठा न्हाई… शिपाई म्हनतोय, शेन कोन काढनार?

हासू नगं! पोरीचा दाखला अडकलाय आनि हासतीस काय?

कोनी खरं सांगायचं? मी?… अगं त्याच्या हातात चाबूक हाय!… जन्मात कुनाला सांगितलं न्हाई गं, थाप मारली म्हनून. मला सवयच न्हाई… बरं. बरं! आईची शपथ कशाला घालतीस. खिडकीतनं सांगतो. फोन धरून ठेव.

ओ पुंजाराम! ओ पाव्हनं!… ती म्होरकी मढीची न्हाई हो! भारलेली बिरलेली काय न्हाई! माझ्या भाचीनं वळलीया, चेष्टा केली मी तुमची!…

केशर? हाय का?… सांगितलं. त्याचा इस्वासच बसंना! म्हनतोय, म्होरकी माघारी पायजे म्हनून हा आता खोटं बोलतोय… खरं सांगितलं गं, खरंच सांगितलं! माझं नशीबच तसलं!

हां, विजू बोलतीया त्याच्याशी. हळू बोलतीया, ऐकू येत न्हाई… चिठ्ठी दावतीया आतली… त्यो तिच्या बोटाकडं बघतोय. सोलपटलीयात ना बोटं… टोपी काढली त्यानं… म्होरकी सोडतोय! आपल्या हातानं सोडतोय, केशर! तिच्या हातात दिली… परीक्षकानं घेतली… कपाटात… कुलूप. झालं! सुटली पोरगी!

अगं वरडू नगं एवढी, कान गेला माझा.

आता पुंजाराम हिकडं बघतोय. विजूबी हिकडंच बघतीया… दोघं हासत्यात. का हासत्यात?… हेडमास्तर खिडकीशी येत्यात. जरा धर… काय म्हनलं सर?… कोनी ठरवलं?… मला न इचारता?…

केशर, तुझ्या लेकीनं त्या गड्याला शब्द दिलाय. म्होरकी न्हाई म्हनल्यावर बैल वाटंनं शिंगं मारनार, तवा मामा सोबत येतील म्हनं. कासरा मामा धरतील. जामखेडपतूर. चालत.

अगं ऐंशी मैल तरी आसंल!… पन्नास का हुईना, शिंगं माझ्याकडंच हायती ना!

…आनि वर काय म्हनली सांगू? म्हनली, मामांच्या हाताला गुन हाय, मढीचा हाय, बैल मारनार न्हाई. आनि ते मात्र पटलं त्याला!

हास. हास पोटभर… टेलिफोनवाल्या बाई, तुमीबी? हासा, तुमी तरी कशाला मागं ऱ्हाताय…

चल, ठेवतो. त्यानं कासरा खिडकीतनं आत दिलाय.