संपर्क क्रमांक तोच राहिला

हॅलो? …हो, बोला. कोण हवंय, सोमनाथ की वेदिका?

…कोण, छाया? अगं मग आधी सांगायचंस ना. मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीचा फोन. …हो, जीवनकाकाच. …माझ्याशी? माझ्याशी काय काम काढलंस?

…हं. …हं. अच्छा, कळलं म्हणजे तुला. …अगं, रडतेस कशाला? ऐक ना. माझा रेझ्युमे तू नमुना म्हणून ठेवलास, त्यात चूक कसली? नाव बदलायचं, फोटो बदलायचा, पत्ता-शिक्षण बदलायचं की मारली प्रिंट. नंबर तेवढा माझाच राहून गेला. सातपूरला तुझ्या दुकानात रांग काय कमी असते?

…नुसता नंबर नाही, आणखीही राहिलंय. त्या वेदिकाच्या रेझ्युमेत 'स्टोअर्स विभागात प्रदीर्घ अनुभव' जसंच्या तसं आहे. मुलगी बावीस वर्षांची. परवा अंबडहून एक साहेब विचारत होते, मॅडम निवृत्त कधी होणार. …मी म्हटलं, तब्येत चांगली आहे अजून त्यांची.

…हसलीस? बरं झालं.

…आठवतंय की. कंपनीनं घरी बसवल्यावर आलो होतो तुझ्याकडे. तू दहा डिझाइनं दाखवलीस, आपण निळ्या पट्टीचं घेतलं, गोलात फोटो असलेलं. कौशल्यांपुढे ठिपके भरायचे होते, पाचापैकी किती ते. संभाषण कौशल्यापुढे मी दोन भरले, तू पाच केलेस. म्हणालीस, काका, कमी दिसलं तर कोणी बोलावत नाही.

…मला? मला आला ना एक. विमा काढा म्हणून.

…नाही गं, त्रास कसला? सकाळी दहाला सुरू होतात. मी म्हणतो, निरोप सांगा, आणि तुमच्याकडच्या कागदावरचा पत्ता जरा वाचून दाखवा. संध्याकाळी जातो घरी सांगायला. …घरचे? घरच्यांना वाटतं, कंपनीनंच माणूस पाठवलाय. खुर्ची देतात, चहा देतात. एकांनी तर पोहे केले.

…ही होती तेव्हा फोन तीच उचलायची. मला कुठे सवय होती?

…अफरीनचं ना? …हो. ते माझ्याकडून राहिलं. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधून बाई बोलत होत्या. आवाज दमलेला वाटला, म्हणून विचारलं, जेवलात का. मग त्या बोलत बसल्या, मीही बसलो. त्यांची आई नामपूरला एकटीच असते… फोन ठेवल्यावर लक्षात आलं, अफरीनचा पत्ता विचारायचाच राहिला. …लावला की परत. नुसती टेप वाजते.

…रोशनबी दुकानात आल्या होत्या? काय म्हणाल्या? …म्हणू देत. पोरीच्या नोकरीचा प्रश्न, बोलणारच आई. …काय? मेल आला तिला? सोमवारी मुलाखत? …वा. मग छान झालं. खरंच छान झालं, छाया.

…हो. …हो गं, पटतंय. काढ माझा नंबर त्यातून. काढायलाच हवा. उद्या आणखी कुणाचं राहिलं तर? …आत्ताच? काढ ना. मी आहे फोनवर.

…काढलास?

…बरं.

…नाही, नाही, आहे मी. ऐकतोय. …एक विचारू? जे रेझ्युमे आधीच कंपन्यांत जाऊन पडलेत, ते काही परत येत नाहीत ना? …नाही, सहज विचारलं. …सगळ्यांना कळवतेयस? एकेकाला? …हो, कळव. कळवायलाच पाहिजे. सावकाश कळव, घाई करू नकोस.

…उद्या? तुझ्याकडे जेवायला? …अगं नको. …नाही, राग कसला? वांग्याचं भरीत मला आवडतं, तुला माहितीये. पण उद्या कामाचा दिवस. दहा ते सहा घरी असलेलं बरं. …रविवारी बघू ना. रविवारी कंपन्या बंद असतात. …येतो गं, कळवतो.

…थांब, थांब जरा. दुसरा फोन येतोय. …नाही, ओळखीचा नंबर नाही. म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकांपैकीच कुणासाठी तरी असणार. …छाया, ठेवतो. …अगं सांग नंतर, तो कट होईल. ठेवतो मी.

हॅलो? …हो, नमस्कार. …मुन्ना? आहे की. आत्ता जरा बाहेर गेलाय. …हो, हो, बोला ना तुम्ही, वेळच वेळ आहे. …मी त्याच्या घरातूनच बोलतोय.