मामंजींचं हत्यार

मी आटपाडीकडची. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घिऊन खाली नदीकाठच्या गावांकडं चालायला लागायचा, आमी पोरं मागनं आन् आई घोड्यावर बिऱ्हाड लादून त्येच्या मागनं. शाळा चौथी, ती बी तीन गावांत मिळून झालेली. आमच्या घरात हत्यार म्हंजे काठी, कुऱ्हाड आन् लोकर कातरायची कातर, त्येच्या पल्याड काय न्हाई. मला म्हसवडकडं सुभेदाराच्या घरात दिली तवा आईनं गावभर सांगितलं की माझी हौसा पिस्तुलाच्या घरात पडली, जसं काय ते पिस्तूल सकाळ-संध्याकाळ दूधच देनार व्हतं. आता हसू येतं, पन तवा मला बी लय मोठेपना वाटला व्हता.

सासरे माझे फौजेत सुभेदार व्हऊन आल्यालं. मी त्येंना मामंजी म्हनायची. सासू माझ्या लग्नाआधीच गेल्याली. मालक बी फौजेत, लग्न झालं आन् पंधरा दिसांत ड्युटीवर गेलं, मग घरात मी, मामंजी आन् ट्रंकेतलं ते पिस्तूल. पिस्तूल म्हनलं की मामंजी तापायचं. पिस्तूल न्हवं सूनबाई, रिव्हॉल्वर म्हन, म्हनायचं. त्येंच्या साहेबानं नोकरी सोडताना रीतसर कागद करून त्येंना दिल्यालं. जड लय, खलबत्त्यातला बत्ता उचलल्यावानी वाटायचं. त्येचा बोअर, म्हंजे नळीचं भोक, मोठा, त्येची गोळी करंगळीएवढी जाड असती म्हनं, मी काय कवा बघितली न्हाई, गोळ्या त्येंनी आधीच सरकारात जमा केल्याल्या. मामंजी सांगायचं, बारक्या बोअरचं लायसन जिल्ह्याचा कलेक्टर देतो, पन ह्यो बोअर फौजेचा, सरकारनं सोतासाठी राखून ठेवल्याला, ह्येला दिल्लीचा कागद लागतो. त्येंच्याकडं व्हता तो कागद. जुनं लाल पुस्तक, त्येच्यावर त्येंचा फोटू, मिश्या अशा वर.

आन् इलेक्शन आलं की बघायचं त्येंच्याकडं. आवं ताई, तुमाला म्हाईत असंल नसंल, इलेक्शन लागलं की समद्या लायसनवाल्यांनी आपापलं हत्यार पोलीस ठेशनात जमा करायचं, निकाल लागला की माघारी आनायचं, असा नेम हाय. बाकीचं लायसनवालं कुरकुरायचं, चार दीस लपायचं, पोलिसांचा मानूस दोनदा येऊन गेल्याबिगर हलायचं न्हाईत. मामंजी पयल्या दिसी, फेटा बांधून, इस्तरीचा सदरा घालून, लगीन असल्यावानी निघायचं. पावती घिऊन यायचं आन् ती पावती निकालापातूर खिशात. मी एकदा इचारलं, मामंजी, आपलं हत्यार त्येंच्या हातात द्यायला जीवावर न्हाई का येत. तर म्हनलं, आपलं कुठलं, सरकारचं हाय, मी राखनदार. मला तवा ते बोलनं काय कळलं न्हाई, मी भाकरी थापत व्हते, थापत ऱ्हायली.

खंडेनवमीला आमच्यात हत्याराची पूजा असती. कोयता, इळा, कुऱ्हाड, कातर, समदं धुऊन पाटावर मांडायचं. मामंजी रिव्हॉल्वर बी मांडायचं, पन त्येला हळदकुंकू लावू द्यायचं न्हाईत. नुसतं झेंडूचं एक फूल. मला वाईट वाटायचं, इळ्याला कुंकू आन् घरातल्या थोरल्या हत्याराला काय न्हाई. मामंजी गेल्यावर पयल्या खंडेनवमीला मी मनासारखं करून घेतलं. हळद, कुंकू, नारळ फोडून त्येचं पानी समद्या हत्यारावर शिंपडलं, त्येच्यावर तर जरा जास्तच. नळी वरच्या अंगाला व्हती, पानी आत गेलं असंल, कोन बघतंय. दर वर्साला तसंच. पूजा झाली की फडक्यात गुंडाळून ट्रंकेत.

आता चूक कुठं झाली ते सांगते. मामंजी गेलं तवा मालक सुट्टीवर आलं, दिवस घातलं, आन् एक फेरा जिल्ह्याच्या कचेरीत बी मारला. तितं सांगितलं, लायसन मानसाच्या नावावर असतं, मानूस गेला की हत्यार जमा करायचं आन् वारसानं आपला नवा अर्ज करायचा, आन् ह्या बोअरचा अर्ज वर दिल्लीला जातो. मालक म्हनलं, पुढच्या सुट्टीत बघू. पुढच्या सुट्टीत घराचा पत्रा उडाल्याला, त्येच्या पुढच्या सुट्टीत सारिका आजारी, आमची एकुलती एक पोरगी. मग पेन्शनीत आलं आन् पोटाच्या दुखन्यानं वर्सात गेलं. मला त्येंनी ह्यातलं काय सांगितलं न्हवतं, कचेरीतलं बोलनं दिराकडनं कळलं, ते बी लय उशिरा. मला वाटायचं लायसन म्हंजे रेशनकार्ड, घराचं असतं, मानूस कमी झाला तर नाव कमी व्हतं, कार्ड ऱ्हातंय. नऊ वर्सं मी ह्याच समजुतीत. इलेक्शनं आली आन् गेली, मामंजी गेल्यालं म्हनून दारात बी कुनी आलं न्हाई, मला वाटलं बाईमानसाला कोन बोलवतंय ठेशनात.

सारिका पळायला लागली ती दहावीपासनं. पोलीस भरतीच करायची म्हनली. माळावर पळायची, गोळा म्हनून दगूड फेकायची, आन् घरात पुस्तकं घिऊन बसायची. दोन वर्सं हुकली, तिसऱ्याला यादीत नाव लागलं. काय सांगू तुमाला, आमच्या वस्तीवरनं पोलिसात जानारी ती पयली पोरगी. वस्तीनं गुलाल उधळला. आन् त्याच आठवड्यात ती माझ्यापुढं पुस्तक घिऊन बसली आन् म्हनली, आई, आता आपल्या ठेशनातनं मानूस येनार, घरादाराची चौकशी करनार, मग नोकरीचा कागद. ट्रंकेतल्याचं काय करायचं? मी म्हनलं, काय करायचं म्हंजे? तर तिनं वाचून दावलं. बिगरलायसनचं हत्यार ठेवलं की गुन्हा, आन् हे असलं मोठ्या बोअरचं असलं तर कैद सात वर्सापासनं पुढं. मी म्हनलं, कुंकू लावून ठेवलंय गं, कुनाला मारलंय का आपन. ती म्हनली, कायदा कुंकू बघत न्हाई.

भावजींना बोलवलं, माझा दीर, मळ्यात ऱ्हातो, मायेचा मानूस पन घाबरट. त्येनं एका दमात सांगितलं, वहिनी, हिरीत टाका आन् मोकळं व्हा. सारिका बी त्येच्याच बाजूनं. पानी साठ फूट हाय, कोन बघतंय, म्हनली. मी म्हनलं, उन्हाळ्यात हीर आटती, गाळ काढायला मानसं उतरत्यात, कुनाच्या हाताला लागलं म्हंजे? मग म्हनली तलावात टाकू. मी म्हनलं, तू उद्या खाकी घालनार, आन् आज सरकारचं हत्यार पान्यात टाकनार, मामंजी असतं तर काय म्हनलं असतं. तवा ती जी फुटली बगा. आज्जा मेलं, पप्पा मेलं, त्येंनी केल्यालं मी निस्तरायचं का, तुला माझी नोकरी बघवत न्हाई का, तीन वर्सं मी पळतीया, तुला काय, तू मेंढरामागं गेली तशी मी बी जावं असं वाटतंय तुला. राग लय आला व्हता, पन खोटं काय बोलली न्हवती ती, तिचं समदं त्या एका कागदावर अडकलं व्हतं. दोन दीस तिनं माझ्या हातची भाकरी खाल्ली न्हाई.

तिसऱ्या दिसी ती मैत्रिनीकडं गेली आन् मी ट्रंक उघडली. फडक्यासकट ते पिशवीत घातलं, वर भाकरीचं गाठोडं, खाली लायसनचं पुस्तक आन् दोघांचं मृत्यूचं दाखलं. यश्टीत बसली. आता ऐका माझं शहानपन, ते तसं घिऊन फिरनं हाच मोठा गुन्हा हाय, मला काय म्हाईत! शेजारच्या बाईनं इचारलं बी, काय गं हौसाबाई, पिशवी एवढी का आवळून धरलीया, मी म्हनलं, अंडी हायती.

ठेशनात टेबलावर एक पोरगेला पोलीस बसल्याला. मी म्हनलं, सुभेदाराचं हत्यार जमा करायचंय. तो मान वर न करता म्हनला, मावशी, आता कुठं इलेक्शन हाय, कशाला जमा करताय. मी पुस्तक पुढं केलं. त्येनं उघडलं, तारीख बघितली, माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, आन् खुर्ची मागं सारून उभाच ऱ्हायला. मग मोठं साहेब आलं. बाई, पिशवी हळूच खाली ठेवा, हात लावू नका म्हनलं. मग लय बोललं मला. नऊ वर्सं काय केलं, यश्टीत घिऊन बसला, गोळी असती आत म्हंजे? मी समदं सांगितलं, रेशनकार्डाचं बी सांगितलं. साहेब ऐकत व्हतं. मग त्येंनी कपाटातनं एक जाड वही काढली आन् माझ्याकडं फिरवली. त्येच्यात मामंजींचं नाव, हत्याराचा नंबर, आन् फुडं लाल शाईनं लिवलेलं, जमा न्हाई. म्हनलं, बाई, लायसनवाला मरतो, हत्यार मरत न्हाई, आमच्या वहीत ते अजून तुमच्याच घरात हाय. मला वाचाया जमलं तेवढं वाचलं.

हत्यारं दुरुस्त करनारा त्येंचा एक हवालदार व्हता, त्येला बोलवलं. त्येनं फडकं सोडलं, उघडायला गेला तर उघडंच ना. तेल सोडलं, ठोकलं, खरवडलं, आन् आतनं कुंकवाच्या खपल्या पडायला लागल्या. गोळ्यांचं चाक गंजून एक झाल्यालं, नळीत नारळाच्या पान्याचा कीट. तो म्हनला, साहेब, ह्यातनं आता वारं बी जायाचं न्हाई. मला वाटलं सुटले! मी म्हनलं, म्हंजे हत्यारच ऱ्हायलं न्हाई की साहेब. साहेब म्हनलं, चालतंय का बंद हाय ते नंतर, बोअर कोनचा ते आधी बघायचं. बारका बोअर असता तर उशीर झाला म्हनून समज दिऊन जमा करून घेतलं असतं, पन ह्येचा कागद वर जानार, मला गुन्हा नोंदवावाच लागनार. तुमी आपनहून आला एवढं मी ठळक लिवतो. मग इचारलं, घरात आनि कोन ऱ्हातं? तवा मात्र मी थांबली न्हाई. म्हनलं, ट्रंक माझी, किल्ली माझ्या कमरेला, पूजा म्या केली, पोरीनं त्येला कवा हात लावला न्हाई, माझं एकटीचं नाव लिवा. दोन येळा म्हनलं, आन् अंगठा न देता सही केली. साहेबांनी जमा केल्याची पावती दिली, बोलवलं की यायचं असं लिवून घेतलं आन् घरी सोडलं.

घरी सांगितलं तवा सारिका चुलीपाशी बसली आन् रडली, म्हनली, घालवलंस. मी बी रडली. पन चौथ्या दिसी चौकशीचा हवालदार आला, आन् दारात उभं ऱ्हाऊन त्येचा पयला सवाल काय म्हाईत हाय का, सुभेदारांचं हत्यार त्येच्या वहीत व्हतं नव्हं, ते कुठं गेलं? सारिका उठून फुडं झाली. आईनं जमा केलंय, म्हनली, पावती दावली. त्येनं पावती बघितली, लिवलं, च्या पिला आन् गेला. तो गेल्यावर ती माझ्याकडं बघत ऱ्हायली, साठ फूट पान्यातनं तिला ते काढता आलं नसतं. तरी बरोबर केलंस असं काय म्हनली न्हाई. बरोबरच्या पोरींना कागद आलं, हिला दीड महिना आला न्हाई, तेवढ्यात माझ्या डोईचं केस गळून अर्धं झालं. कागद आला तवा मी शेतात व्हते, तीच पळत आली.

आता ती पोलिसात हाय, वर्स व्हऊन गेलं. हत्यार सरकारात गेलं. वारसानं अर्ज करायचा का म्हनून इचारलं, मी लिवून दिलं, नको. माझी केस मात्र चालू हाय, तारखा पडत्यात. मी सारिकाला बजावलं व्हतं, कोर्टाकडं फिरकायचं न्हाई, तुझ्या खात्यातलं कोन ना कोन तितं असतंच, आई आरोपी हाय हे कशाला कुनाला कळाय पायजे. भावजी यायचं माझ्याबरोबर. गेल्या तारखेला भावजी तापानं पडलं म्हनून एकटीच गेली, मागच्या बाकड्यावर बसली. तितं पोलिसांची बी गर्दी. पुकारा झाला, आरोपी हौसाबाई, हजर? गुडघं धरल्यालं, मला उठायलाच येळ लागला. तेवढ्यात कुनीतरी दंडाला धरलं, बघते तर सारिका, ड्युटीवरनं तशीच आल्याली, अंगावर खाकी, टोपी बगलंत. समदी माना वळवून बघाय लागली. मी हळूच म्हनलं, सोड गं, जा, लोक बघत्यात. तिनं सोडलं न्हाई. समोरच्या कारकून बाईनं इचारलं, मॅडम, ही आरोपी तुमी आनलीय का? आन् ती भरल्या कोर्टात म्हनली, व्हय, आई हाय माझी.