पाहुण्यांचा परिचय

योगिनी : सखारामकाका, चौथं पान संपत आलं. ह्यात गुरुप्रसाद कधी येतो?

सखाराम : येतो गो, येतो. आधी भूमिका बांधायला नको?

योगिनी : वाचनालयाने उद्याच्या पाहुण्याचा परिचय मागितला होता. तुम्ही लिहिलंय तुमचा पहिला विनोदी लेख, तुमचा सत्कार, मग तुमचं हर्नियाचं ऑपरेशन...

सखाराम : त्या ऑपरेशनवरचा लेख केवढा गाजला होता!

मालन : गाजला म्हणजे डॉक्टरांनी दोन अंक घेतले. योगिनी, चहा घे गो. ह्यांचं आपलं कायतरीच.

योगिनी : काकू, त्याच्या विनोदाच्या कार्यक्रमाला नाट्यगृह आत्ताच भरलंय. जयगडहून लोक गाडी करून येतायत.

सखाराम : येतील नाहीतर काय! मोबाईलवर फुकट दिसतो तो. आमचा विनोद वाचायला माणसाला चष्मा शोधावा लागायचा.

मालन : तुम्हीच शिकवलेल्या वर्गातला ना तो? तुम्हीच म्हणालात त्याला, लिही म्हणून.

सखाराम : लिही म्हटलं. माझ्यापेक्षा चांगलं लिही, असं नव्हतं म्हटलं.

योगिनी : काका!

सखाराम : काका काय? जळतोय मी. उघड सांगतो. आमच्या गावात जाखडीच्या नाचाला उभा राहिला की शाहीर आधी गुरूचं नाव घेतो, मगच तोंड उघडतो. ह्याने एवढे कार्यक्रम केले, एकदा तरी घेतलंन माझं नाव?

योगिनी : सगळे बघितलेत तुम्ही?

सखाराम : छे! मला कुठे वेळ आहे?

मालन : खोटं बोलू नका. फोन घेऊन न्हाणीत जातात आणि नळ सोडून ठेवतात, हसणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. टाकी दुपारीच रिकामी होते आमची.

सखाराम : मालन, तिच्यासमोर कशाला हे?

योगिनी : काका, तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. वाचनालयातल्या नितेशला सांगते, तो करील परिचय.

सखाराम : नितेश? त्याला नीट वाचता तरी येतं का? थांब गो, उठू नको.

मालन : मग सांगा तिला खरं काय ते. सगळे का बघितलेत?

सखाराम : चोरी शोधत होतो.

योगिनी : कसली?

सखाराम : माझी. म्हटलं, एखादा तरी विनोद माझा उचलला असेल. माझ्या लेखातलं एखादं माणूस, एखादी कोटी. एक जरी सापडली असती ना, तर उद्या माईकवर उभा राहून ठणकावून सांगितलं असतं, हे माझं आहे म्हणून.

मालन : आणि?

सखाराम : नाही सापडली. काहीच नाही घेतलंन माझं. त्याला लागलंच नाही काही.

(सखाराम चारही पानं उभी फाडतात.)

योगिनी : अहो काका, आता मी अध्यक्षांना काय देऊ?

सखाराम : पेन आहे ना? घे लिहून. 'गुरुप्रसाद माझा विद्यार्थी. जन्मभर मला जसं लिहायचं होतं, तसं हा लिहितो.'

योगिनी : पुढे?

सखाराम : पुढे काही नाही.

योगिनी : पण काका, तुमच्यासाठी दोन मिनिटं ठेवलीत. हे तर लगेच संपेल.

सखाराम : नाही गो. म्हणायला मला तेवढी लागतील.