कुंपणातलं वाटीएवढं भोक

मेंदीचं कुंपण कधी छाटायचं, हे लोक पाऊस पाहून ठरवतात. कोराडीच्या कॉलनीत आमच्याकडे ते आईचं भांडण पाहून ठरायचं. शेजारच्या काकूंशी बोलणं चालू असलं, की कुंपण खांद्याइतकं.

एका वर्षी दोघींचं बिनसलं. माळी कैची घेऊन आला, तर आई म्हणाली, "कापू नको गा, वाढू दे. तिचं तोंड नाही पाहाचं मले."

"आन् ठेचा, बाई? तो तर तिकडूनच येते."

आई म्हणाली, "वाटी जाईल एवढी जागा कर."

त्यानं मधोमध भोक पाडलं. महिन्याभरात दोघी आपापल्या बाजूला पाट टाकून त्या भोकातून तासन्‌तास गप्पा मारायला लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात माळ्यानं विचारलं, "आता कापू, बाई?"

पाटावरून न उठता आई म्हणाली, "काहून? आमचं बोलणं बंद आहे ना!"