शेठनी मला काढलं की ठेवलं?

माझी नोकरी गेली होती की नाही, हे मलाच अजून नीट कळलेलं नाही. तुम्हीच सांगा.

दुबईत जबल अलीच्या आमच्या गोदामात काम कमी झालं, म्हणून पारकर शेठनी मला काढलं. मी म्हटलं, "ठीक आहे शेठ, आता नोकरी गेल्याच्या इन्शुरन्सचा क्लेम टाकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "सावंत, यल्ला, चल लवकर, ऑफिसला ये. नवीन ऑफर देतो."

गेलो. त्यांनी सही केली, मीही केली. मग न राहवून विचारलं, "पण शेठ, काम तर नाहीये ना?"

"नसू दे! घरी बसून माझ्या पैशावर खाण्यापेक्षा इथे माझ्यासमोर बसून खा."

मी चक्रावलो. "तुमचे पैसे कसे? ते इन्शुरन्सवाले देतात. हप्तासुद्धा मीच भरतो."

शेठनी सही केलेला कागद पुन्हा हातात घेतला.

"म्हणजे तू घरी बसला असतास, तर मला फुकट पडलं असतं?"

"हो."

"आणि पगार?"

"तो आता तुम्ही देणार."

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे, मग हे सही करायच्या आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, तुम्हाला माझी आठवण आली."