बोलू नकोस, मोजतेय

मुलगी: आता गप्प बस. पाय एकावर एक टाकू नकोस. पाठ टेकव खुर्चीला.

आई: बीपी बघतेस की फोटो काढतेस?

मुलगी: आई, बोललं की वाढतं. उद्या परीक्षेत सिस्टर पहिलं तेच बघणार, पेशंटला नीट बसवलं का ते.

आई: अगं, पण तू रविवारी येतेस ना? आज मधेच उगवलीस. कळवायचं तरी.

मुलगी: हॉस्टेलवर सगळ्याच जणींना सराव करायचाय, हात द्यायला कुणी तयार नाही. म्हटलं, हक्काचा हात घरी आहे. शू. हवा भरतेय.

आई: आई गं! तोडतेस का काय?

मुलगी: ...छे. चुकलंच माझं काहीतरी.

आई: किती आलं?

मुलगी: दोनशेच्या वरच ठोके ऐकू यायला लागले. रविवारी एकशे तीस होतं तुझं. पट्टा सैल बसला असणार, सैल असला की आकडा फुगतो. मागे वॉर्डात एका आजोबांचं असंच जास्त सांगितलं मी, तर सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, आधी बांधायला शिक, मग लोकांना घाबरव.

आई: बरोबर बोलल्या. मी बाही सैल शिवली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं.

मुलगी: जरा शांत बस. थोड्या वेळाने परत घेते.

आई: तोवर ती फळीवरची डबी दे. गोळी घेते, मग बघ, आकडा कसा सुतासारखा सरळ येतो.

मुलगी: थांब. आजची गोळी घेतली नाहीस?

आई: आज तू येणार होतीस कुठे?

मुलगी: म्हणजे?

आई: म्हणजे काय म्हणजे? तू यायच्या आदल्या दिवसापासून घेते की. तुझा आकडा चांगला यायला नको? कॉलेजात सगळ्यांना सांगतेस ना, आईचं बीपी मी ताळ्यावर आणलं म्हणून.

मुलगी: आणि बाकीचे दिवस?

आई: बाकीचे दिवस मला काय धाड भरलीये? डोकं दुखत नाही, चक्कर नाही. उलट त्या गोळीनेच पाय सुजतात. सुजल्या पायांनी मशीन कशी चालवू, डॉक्टरीणबाई?

मुलगी: मग तसं सांगायचं! गोळी बदलून देतात. डोकं दुखायची वाट कसली बघतेस? बीपी काय सांगून येतं?

आई: तुझ्यासारखंच म्हणायचं मग.

मुलगी: हसण्यावारी नेऊ नकोस. डावा हात दे. दोन्ही हातांचं बघायचं असतं.

आई: घे.

मुलगी: उजव्या हाताने उचलून काय देतेस तो?

आई: सकाळपासून मुंग्या आल्यात त्याला. झोपेत अंगाखाली आला असेल. काही धरवतच नाही, कात्रीसुद्धा सुटली हातातून. ती बाही बघ, कशी नागमोडी गेलीये. जन्मात अशी शिवण नाही घातली मी.

मुलगी: आई. माझ्याकडे बघ. दात दाखव.

आई: आता दातांचीपण परीक्षा?

मुलगी: दाखव ना.

आई: ईऽऽ. झालं?

मुलगी: ...झालं. बस तशीच. उठू नकोस. मी आल्यापासून नुसती त्या बीपीच्या काट्याकडे बघत बसले.

आई: एवढं काय दिसलं? बरं, पाणी दे, गोळी गिळून टाकते.

मुलगी: नको! पाणी नको, गोळीपण नको. गिळताना छातीत जाईल.

(मुलगी फोन लावते.)

मुलगी: हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स हवीये... माझी आई. तोंड एका बाजूला वाकडं झालंय, डाव्या हातात जोर नाही... आई, ते विचारतायत, कधीपासून? नीट आठवून सांग.

आई: कात्री पडली तेव्हा... पोरं शाळेला चालली होती बघ खालून.

मुलगी: सकाळी? अगं, ती पोरं शाळा सुटून घरी आली! मला फोन का नाही केलास?

आई: उद्या परीक्षा ना तुझी.

मुलगी: ...हो, ऐकतेय मी. शुद्धीवर आहे. बोलतेय. हो, सकाळपासून. लवकर या.

आई: रडतेस काय वेडाबाई? पट्टा सैल होता म्हणालीस ना.

मुलगी: नव्हता गं.

आई: मग कॉलेजात आजचा आकडा सांगू नकोस. रविवारचाच सांग.

मुलगी: बरं. आई, हे माझं बोट. डाव्या मुठीत धर. जोरात दाब.

आई: दाबतेय की. केव्हाची दाबतेय.