डावीकडे वळताना

सुजय: आवाजबिवाज काही नाही, दुर्गाजी. तुम्ही फक्त एकदा वरवर चेक करून द्या. गाडी विकायचीय, पाच वाजता बघायला पार्टी येतेय.

सुलोचना: आवाज आहे.

सुजय: आई, प्लीज.

दुर्गा: एक मिनट, भिया. गाडी चालवतं कोण?

सुलोचना: मी. आठ महिने झाले लायसन्स मिळून. एकसष्टाव्या वर्षी.

दुर्गा: मग मला काकूंशीच बोलू द्या. काकू, कसा येतो आवाज? करून दाखवा.

सुलोचना: करून?

दुर्गा: हो ना, तोंडानं. लाजू नका, या गॅरेजमध्ये सगळेच करतात.

सुलोचना: आधी कुर्रर्र... जड दार उघडल्यासारखं. अन् मग एकदम टण्ण!

दुर्गा: कट-कट-कट असं लागोपाठ नाही?

सुलोचना: नाही. एकदाच. अन् स्टिअरिंगला हिसका बसतो. डावीकडे वळताना. फाटकातून काढताना, पार्किंगमध्ये, हळू असली की. जोरात सरळ चालली असली की नाही.

सुजय: सर्व्हिस सेंटरवाल्यानं रिंग रोडला पूर्ण चक्कर मारली. काहीच नव्हतं.

दुर्गा: सरळ रस्त्यावर? जोरात?

सुजय: ...हो.

सुलोचना: अन् परत आल्यावर मला काय म्हणाला, ते सांग की.

सुजय: जाऊ दे ना.

सुलोचना: म्हणाला, आंटीजी, एक बार कान दिखवा लो. अन् यानं खरंच नेलं मला, दुर्गा. तुकोगंजला, कानाच्या डॉक्टरकडे.

दुर्गा: मग?

सुलोचना: कान ठणठणीत. म्हणून आता सगळे डोक्यावर संशय घेतात.

सुजय: असं मी कधी म्हटलं? एवढंच म्हटलं, बाबा गेल्यापासून तू एकटी असतेस, टेन्शन घेतेस. म्हणून काहीबाही ऐकू येतं. मीपण चालवली ना गाडी. मला का नाही आला आवाज?

सुलोचना: गाणी लावून चालवतोस, म्हणून.

दुर्गा: भिया, बसा आत. गाणी बंद. इंजिन चालू, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढा. मी सांगेन तेव्हा स्टिअरिंग फिरवायचं, एकदम हळू. काकू, तुम्ही इकडे या, चाकाजवळ. पदर खोचा आधी.

सुलोचना: खोचला. आता?

दुर्गा: चाकाच्या वर ही मोठी स्प्रिंग दिसली? तिला बाहेरून नुसती बोटं टेकवा, मधे घालू नका. हां. फिरवा भिया, डावीकडे.

सुलोचना: काही नाही... थांब. दुर्गा, ही पिळली जातेय!

दुर्गा: बोटं तशीच राहू द्या. अजून फिरवा.

सुलोचना: आई गं! उसळली! ऐकलंस?

दुर्गा: ऐकलं, काकू.

सुजय: काय झालं? इथे धक्का आला स्टिअरिंगला.

सुलोचना: उतर खाली. दुर्गा, तू बस आत. सुजय, हात दे इकडे. इथे टेकव.

सुजय: आई, ग्रीस लागेल... अरे! अरे यार!

सुलोचना: आला?

सुजय: आला.

दुर्गा: चाक वळलं की स्प्रिंगनंही सोबत फिरायला पाहिजे. तिच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं, ते तिला फिरू देतं. तुमचं ते जाम झालंय. स्प्रिंग अडकते, पीळ भरतो, अन् मग झटक्यात सुटते. गाडी सरळ चालली की फिरायचं कामच नाही, मग रिंग रोडला काय ऐकू येणार? हे असं हात लावून बघायचं पप्पांनी शिकवलं. महूच्या छावणीत फौजेच्या गाड्या दुरुस्त करायचे.

सुजय: आई? रडतेस काय?

सुलोचना: चार महिने, दुर्गा. चार महिने मी आधी स्वतःलाच विचारायची, खरंच आला का आवाज? परवा दूधवाल्यानं हाक मारली, तर मी दार उघडलं नाही. म्हटलं, खरंच कुणी बोलावलं का?

सुजय: हे तू मला सांगितलं नाहीस.

सुलोचना: सांगून कुठल्या डॉक्टरकडे नेलं असतंस?

दुर्गा: भिया, पाणी आणा काकूंना. तिकडे माठ आहे. मी दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलून टाकते. स्प्रिंग दाबून काढायचं काम धोक्याचं असतं, तुम्ही दोघं लांब बसा.

(तीन तासांनंतर. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात गाडी. सुलोचना चालवतेय, दुर्गा शेजारी, सुजय मागे.)

दुर्गा: हळू. आता डावीकडे, पूर्ण. घाबरू नका.

सुलोचना: घेतलं.

दुर्गा: अजून.

सुलोचना: काहीच नाही गं! परत घेऊ?

दुर्गा: घ्या ना. तुमचीच गाडी आहे.

सुलोचना: नाही येत. बघ, थांबून फिरवते... तरी नाही! एका बोटानं फिरतंय, दुर्गा! सुजय, बघितलंस?

सुजय: आई, ही सातवी चक्कर. मला गरगरायला लागलं.

सुलोचना: जुनं बेअरिंग आहे ना तुझ्या हातात? फिरतं का?

सुजय: हलतपण नाही. आत नुसता गंज अन् चिखल... सॉरी, आई. मी तुझ्या कानावरच शंका घेतली.

सुलोचना: फोन वाजतोय तुझा.

सुजय: पार्टीचा आहे. काय सांगू?

सुलोचना: जे खरं ते.

सुजय: हॅलो, हां भिया... नहीं, नहीं, गाडी तो एकदम बढ़िया है. पर बेचनी नहीं है अब... किसने मना किया? मालकिन ने.

दुर्गा: वा, भिया! काकू, उद्या चाकांची अलाइनमेंट तेवढी करून घ्या. मला इथेच सोडा, गेटजवळ.

सुलोचना: येते गं, दुर्गा. खूप खूप... जाऊ दे, मला बोलता नाही येत आता.

दुर्गा: काही बोलू नका. चालवा फक्त.

सुजय: आई, मी येतो पुढच्या सीटवर. घरी जाऊ या ना?

सुलोचना: तू ऑटोनं जा, बाळा. मी जरा लांबून येते. कुकर लावून ठेव.